दहा तास उपाशी: हो / नाही

मंगळवार, २९ जुलै २००८

राघोत्तमराव हा माणूस मला या प्रयोगशाळेत नको आहे. एवढं एकच वाक्य लिहायला वही उघडली होती. आता उघडलीच आहे तर सगळंच लिहिते.

काल हे गृहस्थ आपल्या नात्यागोत्यातली आठ माणसं घेऊन आले, तेही दुपारी बाराला. उपाशीपोटीचं रक्त सकाळी सातला द्यायचं, असा कागद मी स्वतः भिंतीवर चिकटवला आहे. विचारलं, उशीर का? तर म्हणे, "आज त्यांस घाई नाहीं मॅडम. देवळास जाऊन निवांत आले." जसं काही मी इथे हळदीकुंकू ठेवलंय. आठही जणांनी फॉर्मवर 'किमान दहा तास उपाशी: हो' अशी खूण केलेली होती, म्हणून घेतलं रक्त. परत पाठवलं असतं तर ही म्हातारी मंडळी पुन्हा फिरकली नसती, आणि मला माणसं हवी आहेत.

बासष्ट माणसं हवीत. मधुमेहाच्या कितीतरी रोग्यांच्या स्वादुपिंडात चरबी साठत जाते. ती बघायची तर एमआरआय करावा लागतो, आणि त्याची रांग अण्णा नगरपासून समुद्रापर्यंत. रक्ताच्या एका नळीवरून ती चरबी ओळखता आली तर? रक्तातली ती खूण मी शोधते आहे. तीस सप्टेंबरला माझा करार संपतो. तोवर खूण सापडली तर आमचे प्रमुख डॉ. शेषगिरी मला कायम करणार, नाही तर मी घरी बसून नवऱ्याचा, उपेंद्रचा, डबा भरणार. पीएचडी झालेल्या बाईनं भरलेला डबा काही जास्त चविष्ट लागत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

आणि माझं सगळं भवितव्य कुणाच्या हातात? एकतीस वर्षं सुया टोचणाऱ्या या माणसाच्या. पेशंट येऊन विचारतात, "राव आहेत का?" नसले तर उद्या येतो म्हणतात. शीर बरोबर सापडते म्हणे त्यांना. सापडणारच, दुसरं काही शिकलेच नाहीत. त्यांचं ते तंजावरी मराठी ऐकलं की तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र कुणीतरी तमिळ सुरात वाचतंय असं वाटतं. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "तुम्हीं आमचेच." मी मुळीच त्यांची नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

आकडे आले. मी तपासते आहे त्या रक्तातल्या सुट्या फिरणाऱ्या चरबीला आम्ही फ्री फॅटी ॲसिड म्हणतो. ऑफिसात जाणाऱ्या माझ्या सकाळच्या माणसांत ती शून्य पूर्णांक पाचच्या आसपास आहे. राघोत्तमरावांच्या माणसांत जवळजवळ सगळ्यांची दुप्पट. नळी गरम जागी पडून राहिली की हा आकडा फुगतो, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे रक्त घेतलं, बर्फ विसरले आणि पाहुण्यांशी गप्पा मारत बसले.

सगळ्यांसमोर झापलं. ते म्हणाले, "बर्फ ठेवलों होतों मॅडम." एवढंच. खोटं बोलताना माणूस निदान हातवारे तरी करतो. हे थंड.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज त्यांची दुसरी तुकडी, अकरा जण. पुन्हा दुपारी! या वेळी मी घड्याळ घेऊन त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. नळी शिरेतून थेट बर्फात, पंधरा मिनिटांत फिरवायच्या यंत्रात, तिथून फ्रीझरमध्ये. एक चूक काढता आली नाही. चिडचिड झाली.

काम संपल्यावर हे माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, फॉर्मांत अजून एक कॉलम ठेवा. शेवटचें जेवण केव्हां झालें तें. आणि तिथि."

"तिथी?" मी म्हटलं. "इथे काय मुहूर्त बघून रक्त काढायचं? राहुकाळाचाही कॉलम ठेवू का?"

कनका, आमची धाकटी टेक्निशियन, फिसकन हसली. बाकीचेही हसले. राघोत्तमराव चष्मा पुसत उभे राहिले. आणखी काहीतरी बोलणार होते, पण मी हात वर केला. आमच्या साताऱ्याच्या घरात देवघर नव्हतं, याचा बाबांना कोण अभिमान! त्यांच्या मुलीच्या फॉर्मवर तिथी येणार नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

सापडली! सापडली! सापडली!

स्कॅनचे अहवाल आले. दुसऱ्या तुकडीचेही आकडे आले, आणि तेही दुप्पट. या वेळी बर्फावर तर मीच उभी होते. म्हणजे ती चूक नव्हतीच. ते खरंच आहे! स्वादुपिंडातली चरबी आडव्या रेघेवर आणि रक्तातली सुटी चरबी उभ्या रेघेवर मांडली. ठिपके एका तिरक्या रेषेत चढत गेले. वरच्या कोपऱ्यात तंजावरकर मंडळी, भरपूर चरबी, भरपूर आकडा. खाली ऑफिसवाले. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

डॉ. शेषगिरींनी आलेख उलटासुलटा करून पाहिला आणि इंग्रजीत म्हणाले, तेरा सप्टेंबरच्या परिषदेत हे तू मांडायचं. 'तू' म्हणाले. आजवर माझं सगळं तेच मांडत आले होते. सारांश संध्याकाळीच पाठवून दिला.

उपेंद्रनं टी. नगरहून येताना म्हैसूरपाक आणला. मधुमेहावरचा शोध म्हैसूरपाकानं साजरा करणारं जगातलं आमचं पहिलंच घर असावं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

चोराच्या उलट्या बोंबा! हा माणूस आज मला सांगतो, "हे आकडे खरे नव्हेत, मॅडम."

मी म्हटलं, "तुम्हीच घेतलेलं रक्त आहे ना?"

"रक्त खरें. आकडा त्याचा नव्हे. आमचे लोक त्या दिवशीं..."

"तुमचे लोक, तुमचे लोक! मधुमेहाला जात कळत नाही, राघोत्तमराव. आणि तुम्हाला संख्याशास्त्र कळत नाही. ज्यानं त्यानं आपलं काम करावं."

"सेरी," म्हणाले आणि गेले. तमिळमध्ये ठीक आहे म्हणून. मत्सर, दुसरं काय? एकतीस वर्षं सुई धरून नाव झालं नाही, आणि ही कानामागून आली आणि तिखट झाली.

बुधवार, २७ ऑगस्ट

पहिल्या आठ जणांचा दुसरा नमुना आज घ्यायचा होता. बाराच्या पुढेच आले, त्याचं आता मला आश्चर्य वाटत नाही. त्यांत अंबुजाबाई होत्या, राघोत्तमरावांची थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची, काटकुळी. रक्त घेऊन झालं, त्या उठल्या आणि तशाच खुर्चीत कोसळल्या. घामानं थबथबलेल्या. साखर पाहिली तर सेहेचाळीस!

मी ग्लुकोजचं पाणी ओठांना लावलं. बाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. शुद्ध होती, डोळे माझ्याकडे होते, आणि पाणी घेईना. मी ओरडले, हनुवटी धरली, पाणी पदरावर सांडलं. तेवढ्यात राघोत्तमरावांनी माझा हात बाजूला सारला. मला ढकललंच म्हणायचं. आणि काय केलं? गुडघ्यावर बसून तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिले. माणूस मरायला टेकलाय आणि हे मंत्र म्हणताहेत! दोन-तीन मिनिटं गेली. मग बाईनं तोंड उघडलं आणि ग्लास त्यांच्या हातून घेतला.

वाचल्या. पण ती तीन मिनिटं मी विसरणार नाही. सकाळी गोळी घेतली होती का म्हणून विचारलं, तर मान डोलावली. म्हणजे औषध चुकवलं नव्हतं. औषधं नेहमीप्रमाणे घ्यावीत असं माझ्या फॉर्मवर स्वच्छ छापलेलंच आहे. मग साखर इतकी का उतरली ते कळत नाही. प्रकृती नाजूक असणार.

गुरुवार, २८ ऑगस्ट

तक्रार लिहिली. पाच मुद्दे. वेळ न पाळणं, नात्यातल्या माणसांशी सलगी, वरिष्ठांच्या निष्कर्षांबद्दल शंका पसरवणं, अंगाला हात लावणं, आणि तातडीच्या वेळी मंत्रतंत्रात वेळ दवडणं. प्रती पाच जणांना. लिहून हलकं वाटलं.

सोमवार, १ सप्टेंबर

राघोत्तमरावांना आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते म्हणे. मला वाटलं होतं ताकीद मिळेल, फार तर दुसऱ्या विभागात पाठवतील. पण पेशंट कोसळला म्हटल्यावर व्यवस्थापन घाबरलं. माझा त्याला इलाज नाही.

जाताना माझ्याशी बोलले नाहीत. कनकाला तेवढं सांगितलं, बर्फ सहाच्या आत भरून ठेवत जा. ती दिवसभर डोळे पुसत होती. परवा हसली होती तीच ही. तीन पेशंट शीर सापडेना म्हणून परत गेले.

शनिवार, ६ सप्टेंबर

कोसळण्याच्या प्रकाराची नोंद करायची तर पेशंटची सही लागते. अंबुजाबाई आमच्यापासून चार गल्ल्यांवर, वेस्ट मांबलमलाच लेकीकडे राहतात. गेले. दार त्यांनीच उघडलं. बसा म्हणाल्या नाहीत.

कागद पुढे केला तर म्हणाल्या, "तूंच तीं नव्हे? एकादशी दिवशीं माझ्या तोंडांत पाणी ओतूं पाहिलींस तीं?"

मी म्हटलं, "काय दिवशी?"

"एकादशी. आम्हीं मध्व, कडक वैष्णव. दशमीस दुपारीं एक वेळ जेवायचें. मग द्वादशीच्या पहाटेपर्यंत अन्न नाहीं, पाणीही नाहीं. पन्नास वर्षें मोडलें नाहीं. गोळी चुकवूं नको म्हणून तुझ्या कागदावर होतें, ती कोरडीच गिळलें. त्या दिवशीं राघूनें कानांत सांगितलें, अक्का, हें पाणी नव्हे, औषध, औषधास दोष नाहीं. चार वेळां सांगितलें. म्हणून घेतलें. नाहीं तर मेलें असतें, घेतलें नसतें."

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. विचारलं, "आधी आलात तेव्हाही...?"

"तेव्हांही. अस्कीं, सगळे लोक मिळून ठरवलों. रक्तास उपाशी यायचें म्हणतात, पंधरा दिवसांस एकदां आम्हीं उपाशीच. दोन वेळां पोट कशास मारायचें?" मग कागदावर सही केली, अक्षर मोत्यासारखं. "राघूस काढवलींस. आतां जा."

रविवार, ७ सप्टेंबर

सासूबाई दरवर्षी पाठवतात ती दिनदर्शिका स्वयंपाकघरात लटकते आहे. आजवर मी तिच्यावर फक्त गॅसवाल्याची तारीख लिहिली. अठ्ठावीस जुलै, एकादशी. बारा ऑगस्ट, एकादशी. सत्तावीस ऑगस्ट, एकादशी.

दशमीच्या दुपारी जेवलेला माणूस एकादशीच्या दुपारी माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या पोटात चोवीस तास काही नसतं. अशा वेळी शरीर स्वतःची चरबी वितळवून रक्तात सोडतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते! माझ्या फॉर्मला फक्त 'किमान दहा तास' हवे होते. जास्तीत जास्त किती, हे विचारायचं मला सुचलं नाही. उपाशी म्हणजे न्याहारी न केलेला, एवढीच माझी अक्कल. त्यांच्या स्वादुपिंडात चरबी जास्त आहे, कारण ती म्हातारी आहेत. आणि म्हातारी आहेत म्हणूनच एकादशी पाळतात. मी चरबीची खूण शोधलीच नाही. मी एकादशी मोजली.

दिवसभर पुन्हा गणित केलं. ऑफिसवाले वेगळे आणि तंजावरकर वेगळे काढले की तिरकी रेषा नाहीशी होते. दोन्हीकडे नुसते विखुरलेले ठिपके. वय धरून केलं, वजन धरून केलं. काही उरत नाही.

मला त्या माणसाचा अजूनही राग येतो. सरळ 'एकादशी' हा शब्द का नाही उच्चारला? तोंडात काय गूळ धरला होता? हे लिहिलं आणि मग बारा तारखेचं पान उलटून वाचलं. एकोणीस तारखेचंही वाचलं. बोलू दिलं असतं तर उच्चारला असता.

मंगळवार, ९ सप्टेंबर

डॉ. शेषगिरींना सांगितलं. ते म्हणाले, सारांश छापून झालाय. तेरा तारखेला मांड, शेवटी एक ओळ टाक की उपासाचा कालावधी आणखी तपासायला हवा. सगळेच असं करतात.

मी विचारलं, "आणि राघोत्तमराव?"

"त्याचा आणि याचा काय संबंध? पेशंट तर कोसळलीच ना?"

"ती माझ्या फॉर्ममुळे कोसळली, सर. आणि त्यांच्यामुळे वाचली."

त्यांनी फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले. ही मला जाण्याची खूण होती.

बुधवार, १० सप्टेंबर

उपेंद्र म्हणतो, कुणाला कळणार आहे? डॉक्टर ठेवताहेत ना तुला? तीस तारीख जाऊ दे, मग हळूच दुरुस्ती छाप. वाईट माणूस नाही तो. मीही हाच विचार काल रात्रभर केला, म्हणून तर त्याच्यावर इतकी खेकसले. वड्याचं तेल वांग्यावर काढायची सवय मला लागलीच आहे.

मला ती नोकरी हवी आहे. लाज न बाळगता लिहिते, हवी आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

हॉटेलच्या सभागृहात तीनशे माणसं. आलेख पडद्यावर लावला. सगळ्यांनी तो बघेपर्यंत थांबले आणि म्हटलं, हा चूक आहे. मग दुसरा लावला, दोन्ही गट वेगळे केलेला. एकादशी म्हणजे काय ते सांगितलं. मागे कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. त्या हसण्यात उभं राहणं कसं असतं ते मला आज कळलं. ही चूक आमचे वरिष्ठ टेक्निशियन राघोत्तमराव यांनी दोन वेळा दाखवायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही आणि उलट त्यांनाच तक्रार करून काढायला लावलं, असं नावानिशी म्हटलं. हेच सगळं पत्रात लिहून पाचही जणांना पाठवलं, तक्रार ज्यांना गेली होती त्यांनाच.

डॉ. शेषगिरी दुसऱ्या दारानं निघून गेले. चहाच्या वेळी त्यांच्या सेक्रेटरीनं येऊन सांगितलं, तीस तारखेनंतरचं पत्र निघणार नाही. माझं तर नाहीच, आणि राघोत्तमरावांचंही नाही. 'व्यवस्थापन जुना विषय पुन्हा उघडू इच्छित नाही.'

मला वाटलं होतं, मी खरं बोलले की त्यांना परत घेतील. तेवढ्यासाठी तर बोलले.

रविवार, १४ सप्टेंबर

पत्राची प्रत घेऊन राघोत्तमरावांकडे गेले. दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. जिन्यात उभी राहून सगळं सांगितलं, त्यांना परत घेत नाहीत तेही.

"मी चुकले, राघोत्तमराव," म्हटलं. "तुम्हाला बोलू दिलं नाही. माझ्यामुळे तुमचं..."

त्यांनी हात पुढे केला. मला क्षणभर वाटलं, माफ केलं. त्यांना कागद हवा होता. चष्मा लावून दोन्ही पानं उभ्यानं वाचली, घाई न करता, नळीवरचं नाव वाचतात तशी. मग खिशातलं पेन काढून पत्रातल्या एका आकड्यावर रेघ मारली.

"अठ्ठावीस जुलैस आठ जण उपाशी म्हणून लिहिलां. आठ नव्हे, सात. वादिराज एकादशी करत नाहीं. रात्रीं जेवून आला होता."

कागद परत दिला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

संताप आला. इतकं सगळं पणाला लावून आले, आणि ह्या माणसाला एक आकडा सुचतो! तशीच बस पकडून प्रयोगशाळेत गेले. रविवारी तिथे कुणी नसतं. रजिस्टर काढलं. वादिराज, अठ्ठावीस जुलै, फ्री फॅटी ॲसिड शून्य पूर्णांक पाच. ऑफिसवाल्यांइतकंच. एकोणीस जणांतला तेवढाच एक आकडा, तिरक्या रेषेत बसत नाही म्हणून, मी गणितातून काढून टाकला होता. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नमुना बिघडला. राघोत्तम यांचा निष्काळजीपणा.'